तालीम

शनिवार ठरला.
सातपूरला सुट्टी शनिवारी, आणि सकाळी नऊला
दिगंबरदादाचे हात अजून त्याचेच असतात.
अकरानंतर नाही.

जागा माझं घर, जेल रोड, दुसरा मजला.
वहिनी म्हणाली, आमच्याकडे नको,
तिथल्या प्रत्येक भिंतीशी त्याचं भांडण झालंय.
त्याला निरोप दिला: गॅलरीची जाळी सैल झालीय,
पाने घेऊन ये.
जाळी घट्ट होती. भावजींनी दोन बोल्ट ढिले केले,
निदान तेवढं खोटं नको म्हणून.

घोटेकर मॅडमनी बजावलं होतं:
एकेकाने लिहून आणा, कागदावरचंच वाचा.
"तू नेहमी" असं सुरू करू नका.
तारीख सांगा, घडलं ते सांगा,
रडू आलं तर थांबा, पण कागद खाली ठेवू नका.

शुक्रवारी रात्री तालमीला बसलो.
शेजारून दोन खुर्च्या आणल्या, पाहुणे येणारेत म्हणून.
शेजारीणबाईंनी विचारलं, मुलगी बघायला?
भावजी म्हणाले, हो, तसंच काहीसं.

दाराजवळ कोण, यावर अर्धा तास गेला.
ओझरचे काका म्हणाले, मी बसतो, बघू कसा जातो.
वहिनीने पुन्हा सांगितलं,
दार अडवायचं नाही. उघडंच ठेवायचं.
काका बराच वेळ कडीकडे बघत राहिले.

आईने कागद चार घड्या घालून आणला, किराण्याच्या यादीसारखा.
आणि होतीही यादीच:
मेथीचे मुटके. करडईची भाजी.
कुरडयांचा चीक, गरम, वाटीत, वरून तेल.
खाली लिहिलं होतं, चुलीपाशी बसून मागायचा.
आता मागत नाही.
आम्ही म्हणालो, याला तारीख नाही.
ती म्हणाली, घाला तुम्ही कुठलीही.

बॅग भरली. दोन टॉवेल, ब्रश, बीपीच्या गोळ्या,
नाडीऐवजी इलॅस्टिकचे लेंगे.
इलॅस्टिक का, हे आईला कुणी सांगितलं नाही.
केंद्र मखमलाबादच्या पुढे, द्राक्षमळ्यांना लागून.
वाटेत एकही दुकान नाही असा रस्ता
भावजींनी शोधलाय, नऊ किलोमीटर लांबचा.

मग प्रश्न आला, दादाच्या जागी कोण?
रेवा बसली. पंधरा वर्षांची, त्याचीच लेक.
बसताच गुडघा हलवू लागली, अगदी तसाच.
आईच्यान सोडतो. गुरुपौर्णिमेपासून.
पगार झाला की सगळ्यांना त्र्यंबकला नेतो.
माझं मी बघीन, तुम्ही तुमचं बघा.
आम्ही हसलो. खरंच हसलो, वहिनीसुद्धा.
मग ती खालच्या आवाजात म्हणाली,
रेवा कुठाय? आधी तिला आत पाठवा.
आणि उठून आत गेली.

हे कुणाच्याच कागदावर नव्हतं.

सगळे झोपल्यावर मी त्या खुर्चीत बसले.
तिथून सहा रिकाम्या खुर्च्या दिसतात, आणि दार.
माझ्या कागदावर त्याच्या चौदा तारखा होत्या.
मी प्रेसमध्ये नोटा तपासते,
शाई फाटलेली, आकडा सरकलेला, बाजूला काढते.
गेली तीन वर्षं दर महिन्याच्या दोन तारखेला
त्याला दिलेल्या मात्र सगळ्या नोटा निर्दोष होत्या.
पंधरावी तारीख माझी लिहिली.
पेन चालेना, मग पेन्सिलीने.

नऊला दहा कमी. खाली गाडी लागली.
जिन्यात पान्यांचा आवाज.
पहिल्या मजल्यावर थांबला, नेहमीसारखा;
वर यायच्या आधी तो शर्टाची बटणं तपासतो,
धाकट्या बहिणीचं घर म्हणून.
दार उघडं होतं.
काकांनी कागद उलटा धरला होता
आणि कुणीच त्यांना सांगेना.